बेचाळीस पौंड

टोलेफसनचं दुकान, वेस्टबी, विस्कॉन्सिन.
सप्टेंबर. बाहेर मका उभ्या उभ्या वाळतोय.
काचेच्या कपाटावर त्यानं बाणाचे दोन फाळ ठेवलेत.
एक उघडा: तीन पाती, जन्मापासून बाहेरच.
दुसरा मिटलेला, रबराच्या बारीक कड्यात
पाती अंगाशी धरून,
सूर मारायच्या आधीच्या खंड्यासारखा.

"हा," तो पहिल्याकडे हनुवटी करतो,
"वाऱ्याशी भांडतो. धनुष्यात केसभर वाकडं असेल
तर तीस यार्डांवर तुझी चुगली करतो.
दुसरा गोड. सरावाच्या टोकासारखा सरळ जातो,
आत शिरला की उघडतो. दोन इंचांचं भगदाड."

मला हे मराठीत ऐकू येतं:
एक तोंडावर बोलणारा,
एक आतल्या गाठीचा.
आत्या पहिल्याला फटकळ म्हणाली असती
आणि मुलगी दुसऱ्याच्या घरात दिली असती.

गेल्या वर्षी मीही गोडच निवडला.
ओकवरचं लोखंडी मचाण, ऑक्टोबर,
चोवीस यार्डांवर हरिणी,
आणि ऐन वेळी तिनं पुढचा पाय मागे घेतला.
किंवा मी घाई केली.
दोन्ही वाक्यं मी आळीपाळीनं वापरून पाहिलीत.
आवाज झाला तो दारावर टकटक केल्यासारखा.

रक्ताचा एक थेंब. अकरा पावलांवर दुसरा.
नेच्याच्या पानाखाली तिसरा, तांदळाएवढा.
पुढे नुसती पानं,
आणि त्या महिन्यात तिथे सगळीच पानं लाल.
रात्री दीडपर्यंत मी आणि आर्डिस स्कार,
वय त्र्याहत्तर, शेजारच्या शेतावरची,
टॉर्च घेऊन रांगत होतो.
ओढ्यापाशी ती म्हणाली, "आता पुरे."
मी लगेच ऐकलं.

मे महिन्यात ओढ्यापलीकडे अळंबी शोधताना
तिला जे सापडलं ते तिनं
दह्याच्या रिकाम्या डब्यातून आणून दिलं.
फाळ, थोडा गंजलेला,
खांद्याच्या हाडाची चपटी खपली त्याला धरून.
पाती मिटलेली.
रबराचं कडं भेगाळलेलं, पण जागच्या जागी.
"धुतलाय मी," आर्डिस म्हणाली,
आणि डबा परत मागितला नाही.

टोलेफसनला मी हे सगळं सांगते.
वाटतं, म्हणेल: दोष कड्याचा.
तो चष्मा पुसत बसतो.
"किती ओढतेस?"
बेचाळीस पौंड.
(गुरांच्या दवाखान्यात कामाला आहे मी.
एका होल्स्टीन गाईनं उजवा खांदा दोनदा निखळवलाय.)
"मग पाती उघडायची ताकद
बाणानं आणायची कुठून? तुझ्याकडूनच ना.
आणि तुझ्याकडे ती शिल्लक नाही. उघडाच घे.
पण त्या हाडावर हाही अडला असता.
हे ऐकून मग घे."

तीन घेतले. घरी आल्यावर
पहिला बाण वीस यार्डांवर चार बोटं डावीकडे गेला.
दुसराही तिथेच. फटकळ खरा.
नऊ संध्याकाळी मी धनुष्याची बैठक
केसभर इकडे, केसभर तिकडे केली;
दहाव्या दिवशी आर्डिस कुंपणावर टेकून म्हणाली,
"आता तू वाकडी उभी राहतेस."
तेही खरं होतं.

मचाणापासून अठरा यार्डांवर
मी एका मेपलला सुतळी बांधलीय.
त्यापलीकडे काही नाही, असं ठरवलंय.
काल एक नर सुतळीच्या पलीकडे
तीन पावलांवर येऊन उभा राहिला.
पाव तास ओकची फळं खाल्ली त्यानं,
कडाकडा, अगदी दातांचा आवाज येईल अशी.
खांदा दुखत होता.
बाण भात्यातच.
मी ऐकत बसले.